डॉबीच्या मोज्यापासून मोजा: ‘हॅरी पॉटर’चा शेवट फसला म्हणणाऱ्या वाचकांना खुलं पत्र

प्रिय वाचकमित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

‘हॅरी पॉटर’ची सातही पुस्तकं तुम्ही वाचली आहेत, काहींनी तर दोन-तीनदा, आणि शेवट फसला असं तुमचं ठाम मत आहे. हे पत्र तुम्हालाच आहे. ज्यांचं सातवं पुस्तक अजून वाचायचं राहिलंय त्यांनी कृपा करून इथेच थांबावं. पुढे मी सगळं उघड करून बोलणार आहे.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. देवघेवीचं टेबल माझ्याकडे असतं. गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी सहावं पुस्तक परत करायला आली. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळी पुस्तकं तिने एका पावसाळ्यात संपवली होती. ती येणार हे ठाऊक असल्यामुळे मी सातवं कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं. तिने ते उचललं, मागचं कव्हर वाचलं आणि हळूच माझ्याकडे सरकवलं. “नको मावशी. दादा म्हणतो शेवट अगदीच फालतू आहे. जादूची छडी कुणाच्या मालकीची यावरून काहीतरी झोल करतात आणि हॅरी जिंकतो.” मग तिने भुतांच्या गोष्टींचं एक पातळसं पुस्तक घेतलं, सही केली आणि गेली.

दोन दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. तो दादा म्हणजे तिचा मामेभाऊ, तुमच्याच वयाचा. सातवं पुस्तक २१ जुलै २००७ला, शनिवारी, जगभर एकदम आलं तेव्हा तुम्ही शाळेत होतात, नाहीतर नुकते कॉलेजात गेला होतात. पहिलं पुस्तक इंग्लंडमध्ये १९९७ साली निघालं होतं. चौथ्यानंतर पाचव्यासाठी तर सलग तीन वर्षं थांबावं लागलं होतं. इतकी वाट पाहिलेल्या माणसाला शेवट खटकला तर तो मनाला लावून घेणारच. तुमचा राग मला कळतो. पण त्या रागापायी आता लहान मुलांच्या हातातलं पुस्तक टेबलावर परत येऊ लागलंय, म्हणून लिहायला बसले.

त्या शनिवारी मीही पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेले होते. नाव नोंदवून ठेवलेली प्रत घेतली आणि स्टँडवरच्या बाकावर वाचायला सुरुवात केली. परतीच्या तीन गाड्या सोडल्या. रविवारी पहाटे पुस्तक संपलं तेव्हा छडीचं ते प्रकरण माझ्याही गळी उतरलं नव्हतं. पुढे वाचनालयात लागल्यावर, मुलांना उत्तरं द्यायची म्हणून, मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तेव्हा माझं मत बदललं. ते कुठे आणि कसं बदललं, तेच सांगायचं आहे.

तुमची तक्रार आधी तुमच्याच बाजूने मांडते. हॅरीच्या आईवडिलांचा खुनी, दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट, हॅरीच्या शाळेचे वारलेले मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या थडग्यातून एल्डर वाँड काढतो, जगातली सगळ्यांत बलवान छडी. पण ती त्याच्या हातात मनासारखी चालत नाही, कारण तिचा खरा धनी वेगळाच आहे. सहाव्या पुस्तकात मनोऱ्यावर हॅरीच्या वर्गातल्या, व्होल्डेमॉर्टच्या गोटातल्या ड्रेको मॅलफॉयने डंबलडोरांच्या हातातली छडी उडवली, तेव्हाच ती ड्रेकोची झाली. खुद्द ड्रेकोला याचा पत्ता नाही. पुढे मॅलफॉयांच्या वाड्यात हॅरीने ड्रेकोच्या हातून त्याची रोजची छडी हिसकावली. एल्डर वाँड तेव्हा त्या वाड्यात नव्हतीच, ती दूर हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या तळ्याकाठी थडग्यात होती. तरी तिचा मालक बदलला. म्हणून शेवटच्या सामन्यात ती हॅरीला मारत नाही आणि व्होल्डेमॉर्टचा शाप त्याच्यावरच उलटतो. तुम्ही विचारता, ही सात पुस्तकांची अखेर आहे की सातबाऱ्यावरची फेरफार नोंद? यात हॅरीने केलं काय?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पाचव्या पुस्तकात हॅरी मुलांना चोरून हाच छडी उडवायचा मंत्र शिकवतो. सगळे दिवसभर एकमेकांच्या छड्या उडवत असतात. तेव्हा किती छड्यांचे मालक बदलले? पुस्तक याला पुरेसं उत्तर देत नाही, आणि मीही ओढूनताणून देणार नाही.

अशा अटींच्या गोष्टी ऐकून आपले कान तयार झालेले आहेत. हिरण्यकशिपूला वर मिळतो. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. मग तिन्हीसांजेला उंबरठ्यावर नृसिंह. ही गोष्ट ऐकताना कुणा पोराने ‘हा झोल आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. अट आधी सांगितलेली असते ना. ऐकता ऐकता पोर स्वतःच त्या वरातली फट शोधत बसतं, आणि उंबरठा आला की कोडं आपणच सोडवल्यासारखं त्याचं तोंड फुलतं. लेखिका रोलिंगबाईंचं चुकलं ते इथे. जिंकणाऱ्याकडे छडीची निष्ठा जाते हा नियम छड्या बनवणारा ऑलिव्हँडर नीट उलगडून सांगतो तो सातव्या पुस्तकाच्या चोविसाव्या प्रकरणात. ड्रेकोची छडी हिसकावून झाली तेविसाव्यात. मनोऱ्यावरचा प्रसंग तर त्याच्याही आधीच्या पुस्तकातला. पहिल्या पुस्तकात ‘छडी जादूगाराला निवडते’ एवढं तो म्हणाला होता, त्यावर मध्ये काहीच बांधलं गेलं नाही. एखाद्या तासाला, एखाद्या भांडणात, हा नियम आपल्या कानावरून सहज जायला हवा होता.

आणि त्यांना असं पेरणं जमत नव्हतं असंही नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. पाचव्या पुस्तकात हॅरीचा धर्मपिता सिरियस याच्या घराची साफसफाई चाललेली असते. कपाटातल्या सटरफटर वस्तूंत कुणालाच न उघडणारं एक जड लॉकेट निघतं. एक ओळ, बस्स. दोन पुस्तकांनंतर कळतं की तो हॉरक्रक्स होता, म्हणजे मरण टाळायला व्होल्डेमॉर्टने आपल्या जिवाचा तुकडा लपवलेली वस्तू. सहाव्यात हॅरी आपलं पुस्तक लपवताना खूण म्हणून एका पुतळ्याच्या डोक्यावर काळपटलेला मुकुट ठेवतो. तोही हॉरक्रक्स, आणि हॅरीने तो स्वतःच्या हाताने उचललेला. झाडूवरून खेळायच्या खेळाच्या पहिल्याच सामन्यात स्निच हा छोटा उडता चेंडू त्याच्या तोंडात जातो, आणि सहा वर्षांनी तोच स्निच ओठांना लागल्यावर उघडतो. चौथ्या पुस्तकात व्होल्डेमॉर्टने हॅरीचं रक्त घेतलं हे ऐकताच डंबलडोरांच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक येते. ते वाक्य २००० साली छापलं गेलं आणि त्याचा अर्थ लागला २००७ साली: हॅरीची आई लिली हिने मुलाला दिलेलं संरक्षण त्या रक्तातून व्होल्डेमॉर्टच्याच अंगात जिवंत राहिलं होतं, म्हणून हॅरी परत येऊ शकला. ज्या बाईने हे सगळं इतक्या धीराने पेरलं, तिने छडीचा नियम उशिरा काढावा याची चुटपुट मलाही आहे.

हॅलोज म्हणजे एल्डर वाँड, मेलेल्यांना बोलावणारा खडा आणि अदृश्य करणारा झगा या तीन वस्तू. त्यांच्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तीन भावांची गोष्ट सातव्या पुस्तकात येते, हे खरं. पण तिच्यातल्या वस्तू आधीपासून घरात होत्या. झगा पहिल्या पुस्तकातल्या नाताळात हॅरीच्या पलंगापाशी आला. खडा सहाव्यातल्या अंगठीत होता. छडी डंबलडोरांच्या हातात पहिल्या दिवसापासून होती, आणि १९४५ साली त्यांनी छडीच्या आधीच्या मालकाला, ग्रिंडेलवाल्डला, हरवलं हे तर चॉकलेटच्या पाकिटातल्या कार्डावर छापलेलं होतं. उशिरा आलं ते फक्त त्यांचं नाव.

आता ज्या जागी माझं मत बदललं तिथे येते. एल्डर वाँड हॅरीकडे कशी आली, हे पुढून न मोजता मागे मागे जात मोजा.

मॅलफॉयांच्या वाड्याच्या दिवाणखान्यात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिच्या गळ्याशी व्होल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स हिचा सुरा आहे. हॅरी आणि त्याचा मित्र रॉन यांनी छड्या टाकून दिल्या आहेत. सगळं संपल्यात जमा. तेवढ्यात वर करकर होते, सगळे माना वर करतात आणि काचेचं अवाढव्य झुंबर खाली येतं. काचा उडतात. ड्रेको रक्ताळलेलं तोंड हातांनी झाकून वाकतो, हॅरी खुर्चीवरून उडी मारतो आणि त्याच्या मुठीतल्या छड्या ओढून घेतो. मंत्र नाही, काही नाही. नुसती हिसकाहिसकी. ते झुंबर पाडलं डॉबीने, घरकामाला जुंपलेल्या एल्फ जमातीतल्या एका छोट्या जिवाने.

डॉबी तिथे आला कसा? याच वाड्यात त्याने गुलामी काढली होती. मारहाण सोसली होती, स्वतःला शिक्षा करून घेतल्या होत्या. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी बारा वर्षांच्या हॅरीने पायातला मळका मोजा काढला, त्यात व्होल्डेमॉर्टची फाटकी डायरी कोंबली आणि ड्रेकोचा बाप, डॉबीचा मालक ल्युशियस मॅलफॉय याच्या हाती दिली. ल्युशियसने मोजा भिरकावला, डॉबीने झेलला, आणि मालकाकडून कपडा मिळाला म्हणून गुलाम मोकळा झाला. मोकळा झालेला तो जीव पाच वर्षांनी त्या घरात परत आला, कुणाचा गुलाम म्हणून नव्हे, मित्राला सोडवायला. जाताना बेलाट्रिक्सचा सुरा छातीत घेऊन गेला.

एल्डर वाँड हॅरीला मिळाली ती त्या मोज्यामुळे. तुम्ही याला अपघात म्हणता. मला मात्र यात आख्ख्या मालिकेचा हिशेब चुकता झालेला दिसतो. किंग्ज क्रॉसच्या प्रकरणात डंबलडोर सांगतात की एल्फ, लहान मुलांच्या गोष्टी, प्रेम, निष्ठा यांतलं व्होल्डेमॉर्टला काहीच ठाऊक नाही, कारण त्याला त्यांची किंमतच वाटत नाही. त्याने जगातली सगळ्यांत बलवान छडी थडगं फोडून मिळवली. तिची मालकी मात्र स्वयंपाकघरातल्या एका नोकराच्या बाजूने फिरली होती, ज्याच्याकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आणि हॅरीने काय केलं, हा तुमचा प्रश्न. चोविसावं प्रकरण पुन्हा उघडा. समुद्रकाठी रॉनचा भाऊ बिल आणि त्याची बायको फ्लर यांचं घर. हॅरी फावडं मागतो आणि जादू न वापरता डॉबीसाठी खड्डा खणायला लागतो. हाताला फोड येतात, कपाळावरचा व्रण पेटलेला असतो, कारण त्याच वेळी व्होल्डेमॉर्ट छडीच्या मागे निघालेला आहे. न बोलता रॉन आणि वर्गमित्र डीन येतात आणि खणायला लागतात. मग हॅरी आपल्या जाकिटात एल्फला गुंडाळतो. रॉन स्वतःचे बूट आणि मोजे काढून त्याच्या अनवाणी पायांत घालतो. डीन लोकरी टोपी देतो आणि हॅरी ती त्याच्या मोठ्या कानांवरून चढवतो. मैत्रीण लुना त्याचे डोळे मिटते. पुन्हा मोजे, बघा. दुसऱ्या पुस्तकात मोज्याने सुटलेल्याची पाठवणी मोजे घालून. हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

त्या खड्ड्यात, फावडं मारता मारता, हॅरी ठरवतो. छडीच्या मागे धावायचं नाही. घरात ग्रिपहूक (ज्या बँकेत एक हॉरक्रक्स लपलाय तिथला जुना नोकर) आणि ऑलिव्हँडर दोघेही आहेत. आधी ऑलिव्हँडरशी बोलला तर कदाचित छडी वाचेल. तो म्हणतो, आधी ग्रिपहूक. म्हणजे आधी हॉरक्रक्स. छडी व्होल्डेमॉर्टला मिळणार हे डोळ्यांनी दिसत असताना तो ती त्याला मिळू देतो. रॉनला ते पटत नाही, स्वतः हॅरीचाही जीव पुढे कित्येक दिवस खालीवर होतो. सतरा वर्षांच्या मुलाने जिंकायचं हत्यार असं हातचं सोडलं. मालिकेचा कौल माझ्या मते इथे लागला, शेवटच्या सामन्याच्या बारा प्रकरणं आधी. छत्तिसाव्या प्रकरणात छडी मालक ओळखते तेव्हा इथे पेरलेलं उगवतं, इतकंच.

‘सगळं डंबलडोरांनी आधीच आखून ठेवलं होतं, हॅरी नुसतं प्यादं’ असंही तुमच्यापैकी काही म्हणतात. छत्तिसाव्या प्रकरणाचं नावच ‘योजनेतली चूक’ अशा अर्थाचं आहे. डंबलडोरांचा बेत होता की न हरता मरायचं, म्हणजे छडीची ताकद त्यांच्याबरोबर संपेल. घाबरलेल्या ड्रेकोने मनोऱ्यावर तो बेत मोडला. त्यानंतरचं कुणीच आखलेलं नव्हतं.

आमच्या वाचनालयातल्या सातव्या पुस्तकाच्या प्रतीबद्दल सांगते. शिवण सैल झाली आहे, दोनदा बांधणीला दिली. टेबलावर ठेवून हात काढला की ती आपोआप एकाच जागी उघडते: चौतिसावं प्रकरण, जंगलातलं. त्या पानांच्या कडा बोटांनी काळवंडल्या आहेत. एका पानावर पाण्याचा वाळलेला गोल डाग आहे, तो कशाचा हे मी कुणाला विचारलेलं नाही. छत्तिसाव्याची पानं त्या मानाने स्वच्छ. मुलं कुठे थांबतात, कुठे परत जातात, हे ती प्रत सांगते. हॅरी मरायला चालला आहे. वाटेत वर्गमित्र नेव्हिल भेटतो, त्याला तो व्होल्डेमॉर्टच्या सापाला मारायचं काम सांगून ठेवतो. स्निच उघडतो, खडा हातात येतो, मेलेले आई, वडील, सिरियस आणि जुना मास्तर ल्युपिन बाजूने चालू लागतात. मरताना दुखतं का, असं तो लहान मुलासारखं विचारतो. मग खडा बोटांतून गळू देतो आणि पुढे होतो. यातलं काहीही छडीच्या मालकीवर अवलंबून नाही. आपण परत येऊ हे त्याला माहीत नाही. शेवट कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी हे प्रकरण दाखवेन.

आता एक गोष्ट जरा कळकळीने विचारते. तुम्ही ज्या शेवटावर चिडलात तो पुस्तकातलाच आहे ना? २०११ साली आलेला शेवटचा चित्रपट तुम्ही नंतर किती वेळा पाहिलात, आणि पुस्तकाचं ते प्रकरण किती वेळा उघडलंत? बोलताना माझ्या लक्षात आलंय की बऱ्याच जणांच्या आठवणीत चित्रपटच बसला आहे. चित्रपटात दोघं ओसाड अंगणात एकटे लढतात आणि व्होल्डेमॉर्टच्या अंगाच्या खपल्या हवेत उडून जातात. पुस्तकात हे भरल्या सभागृहात होतं, सगळ्यांच्या देखत, खिडकीतून सूर्य उगवताना. दोघं एकमेकांभोवती फिरत असतात आणि हॅरी त्याला रिडल म्हणून हाक मारतो, त्याच्या वडिलांच्या आडनावाने, जे त्याने पुसून टाकलं होतं. आणि पश्चात्ताप करून बघ, अजून वेळ आहे, असं खरोखर मनापासून सांगतो. मग व्होल्डेमॉर्ट जमिनीवर पडतो, कुणाही माणसाचं पडावं तसं प्रेत. लोक ते उचलून बाजूच्या खोलीत ठेवतात, आपल्या माणसांच्या प्रेतांपासून लांब. मरणाला भिऊन ज्याने स्वतःचे सात तुकडे केले त्याला साधं मरण यावं, यातच त्या दृश्याचा जीव होता. चित्रपटात नेमकं तेच राहिलं.

त्या वेळी हॅरीच्या तोंडी कुठला मंत्र असतो तेही बघा. छडी उडवायचा, शाळेच्या दुसऱ्या वर्षी शिकलेला. तो त्याने पहिल्यांदा पाहिला सेव्हेरस स्नेप या मास्तरच्या छडीतून, द्वंद्वाच्या वर्गात. चौथ्या पुस्तकात कबरस्तानात व्होल्डेमॉर्टसमोर हाच, सातव्याच्या सुरुवातीला ओळखीच्या स्टॅनवर हाच. त्यावरून ल्युपिन त्याला रागावतो, निदान बेशुद्ध तरी करायचं. केवळ वाटेत आला म्हणून मी कुणाला उडवून लावणार नाही, ते व्होल्डेमॉर्टचं काम, असं हॅरी त्याला ऐकवतो. शेवटच्या क्षणीही तो मारायचा मंत्र म्हणत नाही.

चित्रपटात तो एल्डर वाँड मोडून फेकतो. पुस्तकात तिच्याने एकच काम करतो: आपली जुनी, मोडकी होलीची छडी सांधतो. मग तिला होती तिथे परत ठेवायचं ठरवतो. त्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत त्याच्या डोक्यात फक्त ग्रिफिंडॉरमधला पलंग आहे, आणि त्याच्या घरचा एल्फ क्रीचर तिथे एखादं सँडविच आणून देईल का हा विचार. ज्या मुलाला आम्ही अकराव्या वर्षापासून ओळखत होतो तो मला त्या ओळीत परत मिळाला.

टाइम टर्नरवर, म्हणजे वेळेत मागे नेणाऱ्या यंत्रावर, मी फार बोलणार नाही. ‘मग मागे जाऊन आईबापांना का नाही वाचवलं’ हा प्रश्न आमच्याकडे सहावीतली मुलंही विचारतात. तिसऱ्या पुस्तकात मागे जाऊन काहीच बदललेलं नाही. कुऱ्हाडीचा आवाज पहिल्यांदाही कुंपणावरचाच होता, तळ्यापलीकडचा पेट्रोनस, मंत्राने उभा राहणारा तेजस्वी रक्षक, पहिल्यांदाही हॅरीचाच होता. पुढे पाचव्यात सगळे टाइम टर्नर फुटले. २०१६ सालच्या नाटकाने तो विषय पुन्हा उकरून काढला, तो मला आवडला नाही, पण त्याचा राग सातव्या पुस्तकावर काढू नका.

पावणेदहा नंबरच्या फलाटावरचं शेवटचं प्रकरण. ते आपण मालिकेच्या सुरुवातीच्या काळातच लिहून ठेवलंय असं रोलिंगबाई वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या, आणि ते जुनेपण त्याला जाणवतं. रॉनच्या जुळ्या भावांपैकी फ्रेड गेल्यावर जॉर्जचं काय झालं? एल्फांचं काय झालं? ज्या कथेचा निकाल एका एल्फने लावला तिच्या शेवटच्या पानांवर त्या जमातीसाठी एक ओळ नसावी, हे मला लागतं. ल्युपिन आणि त्याची बायको टाँक्स आपल्या डोळ्यांआड मरतात, सभागृहात एकदम शेजारी ठेवलेले दिसतात. एवढ्या जवळच्या माणसांना असं घालवायला नको होतं.

याहून मोठी तक्रार माझी स्वतःची आहे, आणि ती तुमच्यापैकी फार थोडे करतात. व्होल्डेमॉर्टच्या गोटातल्या कॅरोने शाळेतल्या मॅकगोनॅगल बाईंच्या तोंडावर थुंकल्यावर हॅरी त्याच्यावर छळाचा शाप टाकतो, अक्षम्य म्हणून सगळ्या मालिकेत सांगितलेला. बाई त्याचं धाडस म्हणून कौतुक करतात आणि गोष्ट पुढे जाते. तो शाप काय करतो हे त्याने वेडे झालेल्या नेव्हिलच्या आईवडिलांकडे बघून आपल्याला चांगलं ठाऊक आहे. हॅरीला त्याची टोचणी लागायला हवी होती. छडीपेक्षा मला हे भोक मोठं वाटतं, कारण ते नियमात नाही, माणसात आहे.

हॅरीच्या धाकट्या मुलाचं नाव डंबलडोर आणि स्नेप यांच्यावरून अल्बस सेव्हेरस ठेवण्यावरही तुम्ही भांडता. ज्या मास्तरची नेव्हिलला इतकी भीती होती की बोगार्ट, समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा जीव, त्याचंच रूप घ्यायचा, त्याचं नाव पोराला? ज्यांना शाळेत असा मास्तर भेटला त्यांना ते नाव झोंबणार, आणि त्यांना कुणी गप्प बसवू नये. माफ करायचा हक्क हॅरीचा होता, तो त्याने वापरला. नेव्हिलच्या वतीने त्याने काही म्हटलेलं नाही. नेव्हिल त्याच शाळेत शिकवतो आहे, हे त्या प्रकरणातलं मला सगळ्यांत समाधानाचं वाक्य वाटतं.

पण त्या प्रकरणातलं एक चित्र सोडू नका. आपल्याला स्लिदरिनमध्ये, ड्रेकोच्या गटात, टाकतील म्हणून मुलगा घाबरला आहे. बाप उकिडवा बसतो, पोराच्या डोळ्यांच्या पातळीला येतो आणि सांगतो, गट ठरवणारी टोपी तुझं म्हणणं विचारात घेते, माझं घेतलं होतं. हॅरीशी त्या वयात असं कुणी बोललं होतं का? अकराव्या वर्षापर्यंत तो जिन्याखालच्या कपाटात झोपत होता.

तर माझं एवढंच मागणं आहे. भांडा, जरूर भांडा. छडीचा नियम उशिरा आला असं म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण ‘नियम कच्चा’ आणि ‘शेवट फसवा’ या दोन गोष्टी एकाच दमात लहान मुलांना सांगू नका. तुम्ही दहा वर्षं वाट पाहून, स्वतः वाचून, मग चिडलात. चिडायचा तेवढा हक्क त्यांनाही कमावू द्या. आणि पुन्हा मत द्यायच्या आधी चोविसावं आणि चौतिसावं ही दोन प्रकरणं एका बैठकीत वाचून बघा, चित्रपट बाजूला ठेवून. तरीही शेवट फसलाच असं वाटलं तर वाचनालयात या, मला ऐकायचं आहे.

परवा ती मुलगी भुतांचं पुस्तक परत करायला आली. मी सातवं पुढे केलं नाही. “डॉबी आठवतो का?” एवढंच विचारलं.

“मोजावाला ना?”

“हो. त्याचं पुढचं सगळं सातव्यात आहे.”

ती टेबलाशी जरा वेळ उभी राहिली. मग स्वतःच कपाटाकडे गेली आणि ते जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून आली. रजिस्टरमध्ये नोंद केली आहे. परतीची तारीख पंधरा दिवसांनंतरची आहे. तोवर तिच्या घरी कुणी शेवटाचं काही बोलू नये, ही हात जोडून विनंती.

आपली,
देवघेवीच्या टेबलावरची एक ग्रंथालय सेविका